खोल गेलेल्या खडकात पाणी कुठून आले? खनिजांतील समस्थानिकांवरून माग कसा काढावा

नाशिक-सिन्नर पट्ट्यात कुठे विहिरीचे काम चालू असेल, तर सुरुंगानंतर वर काढलेल्या ढिगाऱ्यात मांजऱ्या खडकाचे तुकडे हमखास मिळतात. त्यांतली एखादी पोकळी फोडली, की भिंतीला हिरवट अस्तर, त्यावर स्टिल्बाइटचे पांढरट-गुलाबी पंखे आणि सर्वांत आत ॲपोफिलाइटचे काचेसारखे स्फटिक दिसतात. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ही सारी खनिजे बेसाल्ट थिजल्यानंतर त्यातून झिरपलेल्या कोमट-गरम पाण्याने आणून ठेवलेली आहेत. भिंतीला चिकटलेले खनिज आधीचे आणि पोकळीच्या मध्याकडचे नंतरचे, एवढा एक नियम लक्षात ठेवला, की पाण्याच्या वेगवेगळ्या खेपा ओळखता येतात.

पदव्युत्तर वर्गाला मी पहिला धडा याच पोकळीवर देतो. पुढे ज्या खडकांची पद्धत सांगायची आहे ते नाशिकमध्ये नाहीत आणि असणारही नाहीत, कारण दख्खनचा बेसाल्ट भूपृष्ठावर पसरला, तो कधी खोल गाडला गेला नाही. पण खडकात शिरलेले पाणी केव्हा आले आणि कुठून आले, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. खोल गेलेल्या खडकात तो अधिक अवघड होतो एवढेच.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली घसरत प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, जातो, त्याला अधोगमन म्हणतात. त्यासोबत गेलेले काही खडक ९०-१०० किलोमीटर खोलीपर्यंत जाऊन पुन्हा वर येतात. त्याचा पक्का पुरावा म्हणजे कोएसाइट. क्वार्ट्झचेच हे दाट रूप तयार व्हायला ७०० अंश सेल्सिअसला सुमारे २.७ ते २.८ गिगापास्कल दाब लागतो. रूपांतरित खडकांत ते १९८४ साली इटलीच्या पश्चिम आल्प्समधील डोरा मायरा येथे क्रिस्तियाँ शोपँ यांना आणि त्याच वर्षी नॉर्वेत डेव्हिड स्मिथ यांना सापडले. आपल्याकडे लडाखमधील त्सो मोरिरी भागातल्या एक्लोगाइटमध्ये (गार्नेट आणि ओम्फासाइट हे हिरवे खनिज यांचा, खोलवर बनलेला खडक), गार्नेटच्या पोटात, ते मिळाले आहे. इतक्या खोलीवरच्या पाण्याला द्रव म्हणता येत नाही आणि वाफही म्हणता येत नाही. त्यात सिलिका, अल्कली आणि कितीतरी विरळ मूलद्रव्ये विरघळलेली असतात, म्हणून या लेखात त्याला द्रायू म्हटले आहे.

उगमांची यादी आधी, यंत्र नंतर

नमुना हातात येण्यापूर्वीच द्रायूचे संभाव्य उगम कागदावर मांडून ठेवावेत. खाली जाणाऱ्या भूपट्टात पाणी चार ठिकाणी साठलेले असते: समुद्राच्या पाण्याने बदललेला सागरतळाचा बेसाल्ट व त्याखाली थिजलेला भरड गॅब्रो, त्यावरचा गाळ, पाणी मुरून सर्पेंटिनाइट झालेला प्रावरणाचा खडक, आणि खंडाचा तुकडाच खाली गेला असेल तर त्यातील अभ्रक. पाचवी शक्यता विद्यार्थी नेहमी विसरतात. खडक खाली जाण्यापूर्वी, जमिनीवर असतानाच, त्यात पावसाचे किंवा बर्फाचे पाणी मुरलेले असू शकते.

या प्रत्येकाची समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची, खूण वेगळी असते. ऑक्सिजनचे १६ वस्तुमानाचे अणू ९९.७६ टक्के असतात आणि १८ वस्तुमानाचे सुमारे ०.२ टक्का. त्यांचे गुणोत्तर समुद्राच्या प्रमाणित पाण्याच्या तुलनेत दर हजारी किती कमी-अधिक आहे, तो डेल्टा आकडा. प्रमाणच समुद्राचे असल्याने समुद्राचे पाणी शून्याच्या जवळ येते, पावसाचे पाणी बहुधा ऋण असते, आणि जितका थंड प्रदेश तितके ते अधिक ऋण होते. प्रावरणाचा खडक ५.५ च्या आसपास असतो. सागरतळाचा वरचा बेसाल्ट थंड समुद्रपाण्याशी मुरत राहतो, म्हणून त्याचा आकडा वाढून १० किंवा त्याहून वर जातो. त्याखालचा गॅब्रो मात्र तापलेल्या समुद्रपाण्याने बदलतो आणि ५.५ च्या खाली उतरतो. चिकणमातीचा गाळ साधारण १५ ते २५, तर सागरी चुनखडी त्याहूनही वर. एकाच समुद्राच्या पाण्याने वरचा खडक जड होतो (म्हणजे त्याचा आकडा वाढतो) आणि खालचा हलका, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, पण तापमान वाढले की खनिज आणि पाणी यांच्यातील समस्थानिकांची वाटणी बदलते. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पाचव्या शक्यतेचे उदाहरण चीनमधील सुलू पट्ट्यातले आहे. छिंगलोंगशान येथील एक्लोगाइटमधील गार्नेटचा आकडा उणे १० च्या आसपास जातो. प्रावरणात, समुद्रात किंवा गाळात इतके हलके काहीच नाही. असा ऑक्सिजन फक्त थंड प्रदेशातल्या पावसा-बर्फाच्या पाण्यातून येऊ शकतो, आणि कोएसाइट तयार होण्याच्या खोलीवर ते पाणी पोचणे शक्य नाही. म्हणजे खडक सुमारे २४ ते २२ कोटी वर्षांपूर्वी खाली गेला त्याच्या कितीतरी आधी, भूपृष्ठाजवळ गरम झऱ्यांच्या काळात, ही खूण त्यात उमटली आणि खालचा सारा प्रवास सोसून टिकली. येथे कोणी केवळ आकडा पाहून ‘खोलीवर पावसा-बर्फाचे पाणी आले’ असे लिहिले असते, तर उगम बरोबर आला असता आणि काळ साफ चुकला असता. माझ्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक चुका आकड्यांच्या नसतात. खनिजाचा कोणता भाग केव्हा वाढला, हे न ठरवता आकडा वाचला जातो, आणि चूक तिथेच होते.

नमुना कसा घ्यावा

एकटा सुंदर एक्लोगाइट उचलून आणण्यात फारसा अर्थ नाही. द्रायू ज्या वाटेने गेला ती वाट शोधावी. ती बहुधा क्वार्ट्झ, एपिडोट, अभ्रक किंवा ओम्फासाइट यांच्या शिरेच्या रूपात दिसते. शिरेच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटरचा बदललेला काठ असतो आणि त्यापलीकडे मूळ खडक. शीर, काठ आणि मूळ खडक यांचे सलग नमुने शिरेला काटकोनात, अंतर मोजून घ्यावेत. मूळ खडकाचा नमुना शिरेपासून किमान एक-दोन मीटर लांबचा असावा, नाहीतर ‘मूळ’ म्हणून आपण बदललेलाच खडक मोजतो. प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू आणि शिरेची दिशा कायम शाईने लिहावी. कागदी चिठ्ठी पिशवीत टाकली तर ती घरी पोचेपर्यंत दगडाच्या पिठात मिसळून जाते.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. त्सो मोरिरीच्या वाटेवरच्या पुगा खोऱ्यात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्या भोवती टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पांढऱ्या पापुद्र्यांनी साचलेला असतो. हा बोरॉन आजच्या झऱ्यांचा आहे, त्याचा एक्लोगाइटच्या इतिहासाशी संबंध नाही. ऑक्सिजनच्या जोडीला तुम्हाला बोरॉनचे समस्थानिक मोजायचे असतील (ते कशासाठी, हे पुढे येईल), तर झऱ्यांच्या साठ्यापासून दूरचा, फटी नसलेला, ताजा खडक घ्यावा आणि पिशव्या त्या पांढऱ्या मातीवर टेकवूही नयेत.

नाशिकला परतल्यावर खबरदारी संपत नाही. मोठा दगड कापायला आपल्याकडे मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानातील डायमंड ब्लेडची करवत सोयीची पडते आणि ओळखीचा कारागीर आनंदाने कापूनही देतो. मात्र तिथे ब्लेडवर सोडलेले पाणी दिवसभर तेच फिरत असते. कापलेल्या पृष्ठभागाचे काही मिलिमीटर नंतर घासून टाकावेत आणि तुकडे शुद्ध पाण्याने धुवावेत. बोरॉनच्या बाबतीत घरच्या आरओ यंत्राच्या पाण्यावर विसंबू नये, कारण बोरिक ॲसिड त्या पडद्यातून बऱ्याच प्रमाणात पार होते. बोरोसिलिकेट काचेची भांडी टाळून प्लॅस्टिकची वापरावीत. आणखी एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये: कॅरमवर टाकायची पांढरी पावडर पुष्कळदा बोरिक ॲसिडच असते, आणि वसतिगृहातल्या ज्या टेबलावर रात्री कॅरम रंगतो त्यावरच सकाळी खनिजांचे कण वेचले जातात. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा आहेत. बोरॉनची फवारणी करून आलेल्या हातांनी टूर्मलीन हे बोरॉनयुक्त खनिज वेचू नये, हे त्यांना एकदा सांगितले की पुरते.

गार्नेटचा नकाशा

प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळ येथे घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पातळ छेद तयार करून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसते पाहावे: कोणते खनिज कोणाच्या पोटात आहे, कोण कोणाला कापते, कोणत्या काठावर नंतरचे क्लोराइट किंवा अँफिबोल चढले आहे. मग इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर, म्हणजे बारीक ठिपक्यातले रसायन मोजणाऱ्या यंत्रावर, गार्नेटचा मँगनीज, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचा नकाशा काढावा.

पोकळीतील झिओलाइटमध्ये, म्हणजे स्टिल्बाइटसारख्या खनिजांत, काळ बाहेरून आत चालतो, गार्नेटमध्ये तो आतून बाहेर चालतो. गाभा सर्वांत आधीचा आणि कडा सर्वांत शेवटची. चांगल्या एक्लोगाइटमधील दोन मिलिमीटरचा एक गार्नेट घेऊन पाहा. गाभ्यात मँगनीज भरपूर असते आणि बाहेर येताना ते घंटेच्या आकाराने उतरत जाते. गाभ्यातील बारीक अंतर्भूत कणांत एपिडोट आणि अँफिबोल मिळतात. मधल्या पट्ट्यात ते संपून ओम्फासाइट आणि रुटाइल ही अधिक खोलीची खनिजे सुरू होतात. नशीब असेल तर बाहेरच्या पट्ट्यात क्वार्ट्झचा एखादा कण दिसतो, ज्याच्या भोवती गार्नेटला सूर्याच्या किरणांसारख्या भेगा पडलेल्या असतात, कारण तो कण कधीकाळी कोएसाइट होता आणि क्वार्ट्झ होताना फुगला. या एका गार्नेटमध्ये खडक खाली जातानाचा प्रवास क्रमवार नोंदलेला आहे. आता पाहायचे असते ते एवढेच, की रसायनाची पायरी कुठे आहे. कॅल्शियम एखाद्या रेषेवर एकदम उडी घेत असेल, किंवा आधीचा काठ कुरतडल्यासारखा वेडावाकडा होऊन त्यावर नवा थर बसला असेल, तर तिथे द्रायू आल्याची दाट शक्यता आहे. समस्थानिक मोजण्याचे ठिपके अशा पायरीच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत.

गार्नेटला इतके महत्त्व देण्याचे कारण असे, की त्यात ऑक्सिजन अतिशय सावकाश सरकतो. सुमारे ७०० अंशांच्या खाली गाभा आणि काठ यांच्यातील फरक लाखो वर्षे टिकून राहतो. झिर्कॉनमध्येही तो टिकतो, आणि झिर्कॉनच्या त्याच काठावर युरेनियम-शिसे पद्धतीने वयही मिळते, म्हणून ‘केव्हा’ आणि ‘कुठून’ ही दोन्ही उत्तरे शेजारीशेजारच्या ठिपक्यांतून मिळू शकतात. अभ्रकातील हायड्रोजन मात्र खडक वर येताना सहज बदलतो. त्यावर एकट्यावर निष्कर्ष बांधू नये. लिथियमचे तेच. हलका लिथियम-६ जड लिथियम-७ पेक्षा वेगाने सरकतो, त्यामुळे केवळ सरकण्याच्या वेगानेच मोठे फरक उभे राहतात आणि ते उगमाचे फरक असल्यासारखे भासतात. लिथियमवर उगम ठरवणारे निष्कर्ष मी नेहमी सावधपणेच वाचतो.

यंत्रावर जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

इतक्या बारीक ठिकाणी ऑक्सिजन मोजायला मोठा आयन मायक्रोप्रोब, म्हणजे सिम्स, लागतो. सीझियमच्या आयनांचा झोत खनिजावर सोडून १० ते २० मायक्रॉनचा ठिपका उकरला जातो आणि उडालेल्या ऑक्सिजनचे समस्थानिक वेगळे मोजले जातात. नाशिकमध्ये हे यंत्र नाही. आपल्या देशात नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरमध्ये मोठा सिम्स आहे, आणि स्ट्रॉन्शियमसारख्या मोजण्यांसाठी लेसर जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत आहे. वेळ मिळवायला अर्ज आणि प्रतीक्षा लागते, म्हणून मिळालेला एक-दोन दिवसांचा वेळ वाया जाणार नाही अशी तयारी घरूनच करावी.

इपॉक्सीच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या वडीत खनिजाचे कण बसवतात. सर्व कण मध्यापासून पाच मिलिमीटरच्या आत ठेवावेत, कारण वडीच्या कडेला विद्युत क्षेत्र वाकते आणि आकडे सरकतात. ज्ञात मूल्याचा प्रमाण गार्नेट त्याच वडीत, मध्यभागी, बसवावा. यूडब्ल्यूजी-२ हा सर्वत्र वापरला जाणारा प्रमाण गार्नेट ५.८ चा आहे. पॉलिश करताना कठीण गार्नेट आणि मऊ इपॉक्सी यांच्यात उंचवटा राहू देऊ नये, एक-दोन मायक्रॉनचा फरकसुद्धा त्रास देतो. मायक्रोप्रोबसाठी चढवलेला कार्बनचा थर पूर्ण काढून मगच सोन्याचा थर द्यावा.

मोजणी सुरू झाली, की दर दहा-बारा ठिपक्यांमागे चार ठिपके प्रमाणावर घ्यावेत. यंत्राचा कल, म्हणजे खरा आकडा आणि यंत्राने दाखवलेला आकडा यांच्यातील फरक, खनिजाच्या रसायनाप्रमाणे बदलतो. कॅल्शियमयुक्त गार्नेटमध्ये हा फरक लोहयुक्त गार्नेटपेक्षा काही दर हजारीने वेगळा पडू शकतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याशेजारी मायक्रोप्रोबने कॅल्शियम मोजून दुरुस्ती केल्याशिवाय गाभा आणि काठ यांची तुलना करू नये. हे सारे नीट केले तर एका ठिपक्याची अचूकता ०.२ ते ०.३ दर हजारी मिळते.

ठिपके संपल्यावर प्रत्येक खड्डा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हा सल्ला मी स्वतःच्या फजितीवरून देतो. आमच्या पहिल्या खेपेत एका गार्नेटच्या काठावर आकडा गाभ्यापेक्षा तीनने खाली आला. त्या रात्री आम्ही परतीच्या गाडीत बसून सर्पेंटिनाइटच्या द्रायूवरचा परिच्छेद लिहूनही टाकला. पुढच्या आठवड्यात खड्ड्यांची छायाचित्रे पाहिली, तर पाचपैकी तीन ठिपके क्लोराइटने भरलेल्या केसाएवढ्या भेगेवर पडलेले निघाले. क्लोराइटसाठी यंत्राचा कल गार्नेटच्या कलाहून फार वेगळा असतो, त्यामुळे तो आकडा गार्नेटचा नव्हता आणि धड क्लोराइटचाही नव्हता. उरलेल्या दोन ठिपक्यांत गाभा आणि काठ यांत फरकच नव्हता. परिच्छेद खोडला.

आकड्यावरून द्रायूकडे

गार्नेटचा आकडा म्हणजे द्रायूचा आकडा नव्हे. समतोलात असलेल्या खनिज आणि पाणी यांच्यात ठरावीक फरक राहतो आणि तो तापमानावर अवलंबून असतो. तापमान रुटाइलमधील झिर्कोनियमवरून किंवा गार्नेट-ओम्फासाइट जोडीवरून काढावे, आणि ते त्याच पट्ट्याचे असावे. काठाच्या आकड्याला गाभ्याचे तापमान लावण्याची चूक छापील निबंधांतही दिसते.

पुढचा प्रश्न असा, की हा बदल बाहेरून द्रायू न येताही घडला असता का? खडक तापत असताना नवी खनिजे बनतात, जुनी संपतात, आणि त्या वाटणीत गार्नेटचा आकडा थोडा सरकतो. बंद खडकात, म्हणजे बाहेरून काहीही न येता, हा सरकण्याचा पल्ला सहसा एका दर हजारीच्या आत राहतो. गाभा-काठ फरक ०.५ असेल तर तो सोडून द्यावा. दोनच्या वर असेल तर बाहेरचा ऑक्सिजन आला असे म्हणायला आधार मिळतो.

किती द्रायू आला असेल, हे ह्यू टेलर यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेल्या पाणी-खडक हिशेबाने काढता येते. खडकाचा बदल भागिले पाण्याचा बदल, इतकाच त्याचा गाभा आहे. समजा, गार्नेटचा गाभा ८.७ आणि काठ ५.२ आला. संपूर्ण खडक गार्नेटपेक्षा ०.८ ने जड धरला, तर खडक ९.५ वरून ६.० वर आला, म्हणजे ३.५ ने उतरला. त्या तापमानाला समतोलातला द्रायू खडकापेक्षा १.५ ने जड धरला, तर शेवटचा द्रायू ७.५ चा झाला. येताना तो ५.० चा होता असे मानले, तर तो २.५ ने चढला. ३.५ भागिले २.५, म्हणजे १.४. हे ऑक्सिजनच्या अणूंचे गुणोत्तर आहे. पाण्यात वजनाने सुमारे ८९ टक्के ऑक्सिजन असतो आणि अशा खडकात सुमारे ४५ टक्के, तेव्हा वजनात ते किलोभर खडकामागे ०.७ किलो पाणी होते. द्रायू एकदाच मुरून न राहता थोडा थोडा येऊन निघून जात राहिला असे मानले, तर १.४ मध्ये १ मिळवून त्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यावा. तो ०.८८ येतो आणि वजन सुमारे ०.४४ किलोवर उतरते.

आकड्यांचे गृहीतक थोडे बदलून हा हिशेब वहीत चार वेळा करून पाहावा. मग ध्यानात येते, की कोणतेही उत्तर घेतले तरी त्या दाबाखाली, फटी जवळजवळ मिटलेल्या खडकात हे पाणी प्रचंड आहे. ते सगळ्या खडकातून सारखे झिरपणे कठीण. ते ठरावीक वाटांनीच गेले असणार, आणि म्हणून शिरेपासूनचे अंतर मोजून घेतलेले नमुने येथे उपयोगी पडतात. बदल शिरेपासून दहा सेंटिमीटरवर विरून जात असेल, तर आपला हिशेब त्या वाटेपुरता आहे, डोंगराएवढ्या खडकाचा नाही.

दुसरा साक्षीदार

ऑक्सिजन खडकात निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून थोड्या द्रायूने तो हलत नाही. वरच्याच उदाहरणात किलोभर खडकात फक्त २० ग्रॅम द्रायू आला असता, तर खडकाचा आकडा जेमतेम ०.२ ने सरकला असता, जो मोजणीच्या चुकीतच बुडून जातो. आता बोरॉन पाहा. समजा, खडकात बोरॉन २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) आहे आणि द्रायूत १०० पीपीएम. तेवढ्याच २० ग्रॅम द्रायूने खडकातल्या बोरॉनइतकाच नवा बोरॉन आणून टाकला. म्हणजे ऑक्सिजन मुका राहिला आणि बोरॉनने साक्ष दिली. उलट ऑक्सिजन हललेला असेल तर द्रायू पुष्कळ होता हे बोरॉन सांगू शकत नाही, ते ऑक्सिजनच सांगतो. दोन्ही मोजण्याचा आग्रह यासाठीच धरायचा.

बोरॉनचे दोन समस्थानिक, १० आणि ११. समुद्राच्या पाण्यात जड बोरॉन-११ इतका साठलेला असतो, की डेल्टा आकडा अधिक ३९.६ येतो. प्रावरणातून आलेला बेसाल्ट उणे ७ च्या जवळ असतो आणि खंडीय कवच त्याहून थोडे खाली. समुद्रपाण्याने बनलेला सर्पेंटिनाइट बहुधा ठळकपणे धन असतो. खडकातून पाणी सुटताना बोरॉन-११ द्रायूबरोबर जाणे पसंत करतो आणि अभ्रकात हलका बोरॉन-१० मागे राहतो, म्हणून खोल जाऊन पाणी गमावलेल्या गाळाचा आकडा आणखी ऋण होत जातो. त्यामुळे खोलीवर वाढलेल्या टूर्मलीनच्या काठावर ठळक धन आकडा आला, तर गाळातून सुटलेला द्रायू जवळजवळ बाद होतो आणि सर्पेंटिनाइटकडे बोट जाते. टूर्मलीन येथे सोयीचे पडते, कारण त्यात वजनाने सुमारे तीन टक्के बोरॉन असतो, त्याचे पट्टे टिकतात आणि द्रायूपासूनचा फरक ५००-६०० अंशांना एक-दोन दर हजारीच राहतो. फेंगाइट अभ्रकात हा फरक बराच मोठा असतो, तो धरल्याशिवाय अभ्रक आणि टूर्मलीन यांचे आकडे एका ओळीत मांडू नयेत.

तिसरा साक्षीदार हवा असेल तर स्ट्रॉन्शियम. त्याचे ८७ ते ८६ हे गुणोत्तर सागरतळाच्या ताज्या बेसाल्टमध्ये ०.७०२५ ते ०.७०३ च्या आसपास, आजच्या समुद्राच्या पाण्यात ०.७०९२ आणि जुन्या खंडांवरून आलेल्या गाळात ०.७१ च्या पुढे असते. ते एपिडोट किंवा ॲपेटाइटमध्ये मोजावे, कारण त्यांत रुबिडियम नगण्य असतो. अभ्रकात रुबिडियमपासून नवा स्ट्रॉन्शियम-८७ बनत राहतो, त्यामुळे वयाची दुरुस्ती करावी लागते आणि ती दुरुस्तीच कधीकधी मूळ फरकापेक्षा मोठी निघते.

साक्षी एकत्र कशा वाचाव्यात यासाठी डोरा मायरा पुन्हा उपयोगी आहे. तेथे ग्रॅनाइटच्या मोठ्या खडकात मॅग्नेशियमने भरलेल्या फिकट शिस्टचे, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकाचे, पट्टे आहेत आणि त्यांत मुठीहून मोठे पायरोप, म्हणजे मॅग्नेशियमचे, गार्नेट मिळतात. ग्रॅनाइट आणि हा शिस्ट एकाच खडकापासून झाले, हे त्यांतील जुन्या झिर्कॉनवरून ठरले. मग इतके मॅग्नेशियम आले कुठून? शिस्टचा ऑक्सिजन भोवतालच्या ग्रॅनाइटपेक्षा हलका आहे, म्हणजे बाहेरचा द्रायू भरपूर आला. मॅग्नेशियमचे समस्थानिक ग्रॅनाइटपेक्षा जड आहेत. चुनखडीतील मॅग्नेशियम खूप हलके असते, तेव्हा तो उगम बाद. सर्पेंटिनाइटमधून सुटलेला द्रायू दोन्हीशी जुळतो. तो नेमका कधी आला, यावर अजून वाद आहे, आणि तो वाद समस्थानिकांनी नव्हे तर पायरोप आणि झिर्कॉन यांच्या पट्ट्यांच्या क्रमानेच सुटेल असे मला वाटते.

तीनही साक्षी एकाच वडीवर घ्यायच्या असतील, तर क्रम मोडू नये. आधी सूक्ष्मदर्शक आणि मायक्रोप्रोबचे नकाशे, मग सिम्सवर ऑक्सिजन, थोडे पॉलिश करून त्याच पट्ट्यात बोरॉन, आणि लेसर सर्वांत शेवटी, कारण लेसरचा खड्डा सिम्सच्या खड्ड्यापेक्षा कितीतरी खोल जातो आणि त्यानंतर तिथे मोजण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र आधीच्या छायाचित्रावर बसवून ठिपक्यांना एकच क्रमांक द्यावा. काम झाल्यावर वडी फेकू नये. आमच्याकडे पोकळ्यांतील झिओलाइटच्या कपाटातच खालच्या खणात, छायाचित्राच्या प्रतीसकट, त्या ठेवलेल्या आहेत, आणि भेगेवर ठिपके पडलेली ती पहिली वडी सर्वांत पुढे.